मज्जेतल्या पेशी स्वतः कातडी होतात का?
काही ठिकाणी म्हटलेलं असतं की अस्थिमज्जेतल्या (हाडांच्या आतल्या मऊ गाभ्यातल्या) मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी घडतात त्या स्टेम सेल, जखमेत जाऊन नवी कातडी बनतात. थोडी दुरुस्ती. गुडघा खरचटला की जखमेत मधेमधे गुलाबी ठिपके उगवतात ना, ती केसांच्या मुळांशी असलेल्या, त्वचेच्याच मूलपेशींची करामत. मज्जेतल्या पेशी बहुतेक मुकादमी करतात: रसायनं सोडून नव्या रक्तवाहिन्यांना चालना द्यायची, दाह आवरायचा.

एक उदाहरण मात्र भारी आहे. नुसत्या घासण्याने फोड येणाऱ्या एपिडर्मोलायसिस बुलोसा या आजाराच्या मुलांवर अमेरिकेतल्या मिनेसोटात मज्जा प्रत्यारोपण केलं. निष्कर्ष 2010 मध्ये आले. दात्याच्या पेशी चक्क कातडीत सापडल्या, जखमाही भरू लागल्या. पण आधी जबर केमो (मुलांची स्वतःची मज्जा दाबणारी कडक औषधं) द्यावी लागली, आणि त्यातलं एक मूल पुढे संसर्गाने दगावलं.