चाळीस वाचनं आणि तीन दिरहम

इब्न सीना हा दहाव्या-अकराव्या शतकातला नामवंत वैद्य आणि तत्त्वज्ञ. त्याचं आत्मकथन म्हणजे निव्वळ आत्मस्तुती, असं कुणी म्हणतं. अठराव्या वर्षी सगळ्या शास्त्रांचा अभ्यास पुरा झाला असं सांगणारा माणूस तसा वाटणारच. पण त्याच मजकुरात तो हेही कबूल करतो की ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचं 'मेटाफिजिक्स' (अस्तित्वाच्या मुळाशी जाणारा ग्रंथ) चाळीस वेळा वाचलं, पाठ झालं, तरी कळलं नाही. शेवटी नाद सोडला.

मग एका दुपारी पुस्तकांच्या बाजारात दलाल एक पुस्तक पुढे करतो. हा झिडकारतो. दलाल म्हणतो, मालकाला पैशांची नड आहे, तीन दिरहमला घ्या. ते निघालं त्याच्या आधीच्या पिढीतला तत्त्वज्ञ अल-फाराबी याचं त्याच ग्रंथावरचं विवेचन! घरी जाऊन वाचलं आणि सगळं उलगडलं. दुसऱ्या दिवशी त्याने गरिबांना दानधर्म केला. न कळण्याचा असा प्रांजळ हिशोब आत्मस्तुती करणारा कशाला देईल?

आणि हो, वडिलांनी त्याला हिंदी (म्हणजे भारतीय) अंकगणित शिकायला पाठवलं ते एका भाजीविक्याकडे. आपल्याकडचे अंक दहाव्या शतकात मध्य आशियातल्या बुखारा शहरातल्या भाजीविक्याला येत होते, हे वाचून मी कितीतरी वेळ त्याच ओळीवर थांबलो होतो.