मदत हवी आहे : आईची बीपीची गोळी, पायाला सूज आणि चालताना पोटरी भरून येणं

नमस्कार, आई ६३ वर्षांची, बीपी १२ वर्षं झाली. अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू होती, दोन महिन्यांपूर्वी १६०/९६ आलं म्हणून डॉक्टरांनी १० केली. बीपी आता १३८/८४ वगैरे असतं, पण संध्याकाळपर्यंत दोन्ही पाय घोट्यापाशी टम्म सुजतात, बोटाने दाबलं की खड्डा पडतो, सकाळी उठल्यावर कमी असते.

दुसरं म्हणजे भाजी आणायला निघाली की पाच-सात मिनिटांत उजवी पोटरी भरून येते, थांबावंच लागतं, दोन मिनिटं उभी राहिली की परत चालते. हे गेल्या वर्षापासूनच आहे पण ती बोललीच नाही, वय झालं म्हणायची. मला कळत नाही ते हे की गोळी रक्तवाहिन्या रुंद करते ना, मग पायाला रक्त जास्त जायला पाहिजे, तरी दुखतंय का? गोळी बंद करून बघू का? शेजारच्या काकू म्हणतात लघवीची गोळी दे. आई मिश्री लावते, शुगर नाही. प्लीज सांगा, खूप काळजी वाटतेय.

प्रतिसाद १
ताई, गोळी मनाने बंद करू नका. माझ्या सासऱ्यांचंही असंच झालेलं. अ‍ॅम्लोने बारीक धमन्या रुंद होतात पण शिरा तेवढ्या होत नाहीत, त्यामुळे केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं, डोस वाढला की सूजही वाढते. म्हणून लघवीच्या गोळीचा या सुजेवर फारसा उपयोग होत नाही. त्यांच्या डॉक्टरांनी १० ची ५ केली आणि जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी दिली, ती शिराही सैल करते, महिन्याभरात चपला बसायला लागल्या. पण एकाच पायाला सूज आणि दुखणं असेल तर थांबू नका, गुठळी असू शकते.

प्रतिसाद २
सुजेचं वर लिहिलंय ते बरोबर, पण मला पोटरीची जास्त काळजी वाटते. चाललं की दुखतं, थांबलं की जातं, हे धमनी अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. शेतातलं सांगतो, मेन पाइपात गाळ बसला असेल तर पुढचे सगळे कॉक उघडले तरी शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, चालताना पुढच्या वाहिन्या आधीच पूर्ण उघडलेल्या असतात, गोळीने त्या आणखी काय उघडणार. त्यामुळे बीपीच्या गोळीने हे दुखणं जाईल अशी अपेक्षा ठेवू नका, बीपी मात्र ताब्यात हवंच, हार्ट आणि मेंदूसाठी.

एबीआय नावाची तपासणी करून घ्या. घोट्यापाशी मोजलेल्या बीपीचा वरचा आकडा भागिले दंडाच्या बीपीचा वरचा आकडा, ०.९ किंवा कमी आलं तर धमनीत अडथळा धरतात. त्रास होत नाही, झोपवून पट्टा बांधतात. चालण्याच्या दुखण्यासाठी सिलोस्टॅझोल नावाची वेगळी गोळी असते पण हार्ट फेल्युअर असेल तर ती चालत नाही, तेव्हा डॉक्टरच ठरवतील. रोज दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, असं अर्धा-पाऊण तास तीन महिने केलं तर अंतर खरंच वाढतं, पण आधी विचारून घ्या. आणि मिश्री बंद, तंबाखूच आहे ती. झोपेत पाय दुखला, पाय अचानक गार पडला, पांढरा किंवा काळा झाला, जखम भरेना, तर त्याच दिवशी दवाखाना.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार. मी रात्री तिचे पाय हातात घेऊन बघितले, उजवा डाव्यापेक्षा खरंच गार लागतो, इतकी वर्षं लक्षच नाही गेलं. मग लगेच डॉक्टरांना फोन केला, त्यांनी उद्या सकाळीच बोलावलंय, एबीआयचं मीच विचारते. गोळी तशीच चालू ठेवलीय. फक्त मिश्रीचं सांगितलं की आई गप्प बसते, चाळीस वर्षांची सवय आहे. कुणी आपल्या आईची किंवा सासूबाईंची सोडवली असेल तर कशी ते लिहा ना.