ग्रामपंचायतीत लोकसंख्या अजून 2011 चीच धरतात का? (मुळशी तालुका)

माणगाव_ते_मुळशी
नमस्कार मंडळी. हिंजवडीच्या पलीकडं मुळशी तालुक्यातल्या एका गावात आम्ही फ्लॅट घेतलाय. मागच्या ग्रामसभेला पहिल्यांदाच गेले, तिथं विकास आराखडा वाचून दाखवला आणि त्यात गावची जी लोकसंख्या सांगितली ती ऐकून धक्काच बसला, आमची सोसायटी आणि शेजारच्या दोन धरल्या तरी तेवढी माणसं भरतील. विचारलं तर म्हणाले 2011 चा आकडा आहे, सरकारात तोच चालतो. मग पाणी, कचरा, रस्ते याचे पैसेपण त्याच हिशोबानं येतात का? उन्हाळ्यात आमचा अर्धा मेंटेनन्स टँकरवर जातो, घरपट्टी सगळे वेळेवर भरतात. हा आकडा बदलायचा अधिकार कुणाला, ग्रामपंचायत, पंचायत समिती का झेडपी? सोसायटीच्या मीटिंगला मांडायचंय, नीट माहिती असेल त्यांनी सांगा प्लीज.

निवृत्त_विस्तार_अधिकारी
ताई, यातलं कुणीच बदलू शकत नाही. जनगणना केंद्र सरकार करतं, 2021 ची कोरोनामुळं पुढं गेली आणि आता संदर्भ तारीख आहे 1 मार्च 2027. तोवर कागदावर 2011 च. पुणे जिल्हा 2001 ला 72 लाख 32 हजार होता, 2011 ला 94 लाख 29 हजार झाला, म्हणजे दहा वर्षांत 22 लाख वाढले, आणि तुमच्या भागातले बहुतेक टॉवर तर त्यानंतरचे, ती माणसं कुठल्याच जनगणनेत त्या गावची म्हणून आलेली नाहीत.

पैशाचं म्हणाल तर 15 व्या वित्त आयोगात (केंद्राकडून पंचायतींना येणारा निधी) आपल्या राज्यात 80 टक्के ग्रामपंचायतीला, 10 पंचायत समितीला, 10 झेडपीला असं वाटप व्हायचं आणि गावाचा हिस्सा मुख्यतः लोकसंख्येवर ठरायचा. त्यातले 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे. म्हणजे आकडा जुना असला की नेमका पाण्याचाच पैसा तोकडा पडतो. पण तुमच्यासारख्या गावात स्वतःचं उत्पन्न मोठं असतं, घरपट्टी आहे, जमीन आणि फ्लॅटच्या व्यवहारांवर मुद्रांक शुल्काबरोबर जो 1 टक्का जिल्हा परिषदेचा म्हणून लागतो त्यातला वाटा आहे. म्हणून नुसतं 2011 2011 करू नका, नमुना 8 ला (ग्रामपंचायतीची घरपट्टी आकारणीची नोंदवही) तुमच्या सगळ्या फ्लॅटची नोंद झालीय का आणि त्या उत्पन्नातून पाण्यावर किती ठेवलेत ते विचारा. आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतो, प्रिंट काढूनच ग्रामसभेला जा.

आणि ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या. साडेसात हजारांच्या वर लोकसंख्या गेली की 17 सदस्य, त्याच्या वर नाही. गाव पन्नास हजारांचं झालं तरी 17 च. कायदा 1958 चा आहे, तेव्हा असं गाव कुणाच्या डोळ्यासमोर असणार. माझं स्पष्ट मत आहे की हे बदलायलाच हवं.

गुंजवणी_खोरं
वरचं सगळं पटतं पण आमची बाजू पण ऐका. मी वेल्ह्याचा, म्हणजे आताचा राजगड तालुका. 2011 ला अख्खा तालुका मिळून साधारण 54 हजार, जिल्ह्यात सगळ्यात कमी. पोरं सगळी धायरी नाहीतर नऱ्ह्याला खोल्या करून राहतात, सणाला आणि पालखीला गावाकडं. नवीन जनगणनेत तुमचा आकडा फुगणार आणि आमचा कमी होणार, मग निधी लोकसंख्येवर म्हटलं की आमचं काय? वाड्या डोंगरात विखुरलेल्या, चार घरांना पण पाईपलाईन तेवढीच लांब लागते. दवाखान्याला निदान वेगळा निकष आहे, सपाटीला 30 हजारांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि डोंगरी भागात 20 हजारांमागं, तसा विचार सगळ्याच निधीत व्हायला पाहिजे. झेडपीचे गट (म्हणजे निवडणुकीचे मतदारसंघ) पण लोकसंख्येवरच पडतात, म्हणजे सभागृहात आमच्यासाठी बोलणारी माणसं मोजकीच.

समाविष्ट_23
गुंजवणी दादा बरोबर बोलताय. ताई, आता कुणीतरी सांगेल की गाव महापालिकेत घाला म्हणजे प्रश्न सुटेल. आमचं गाव 30 जून 2021 ला पुणे महापालिकेत घेतलेल्या 23 गावांत गेलं (आधी 2017 ला 11 गेली होती). ग्रामपंचायत एका दिवसात बरखास्त, सरपंच सदस्य कुणी उरलं नाही आणि नगरसेवक यायला पुढं कित्येक वर्षं गेली, मधे गाऱ्हाणं घेऊन जायचं कुणाकडं हेच लोकांना कळेना. उरुळी देवाची आणि फुरसुंगी तर परत बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. गावं निघून गेली की हवेली तालुक्यातले झेडपीचे गटही कमी होतात, 2017 ला अख्ख्या झेडपीत 75 गट होते, नवीन रचनेत 73. हद्दीसुद्धा जनगणनेसाठी 31 डिसेंबर 2025 ला गोठवल्यात, तेव्हा त्या नादाला आत्ता लागूच नका. आणखी एक, तुमच्याकडं बांधकाम परवानगी पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) देतं आणि पाणी मागायला तुम्ही ग्रामपंचायतीत जाता, टॉवर मंजूर करताना पाणी कुठून येणार हे तिथंच विचारलं गेलं पाहिजे.

माणगाव_ते_मुळशी
खूप धन्यवाद सगळ्यांना. गुंजवणी दादा, तुमचा मुद्दा खरंच डोक्यात आला नव्हता, माझं माहेर पण डोंगरातलंच आहे, तिथं हेच चाललंय. एक विचारायचं राहिलं, आमच्याकडं निम्मे लोक भाडेकरू आहेत, आयटीतली मुलं, त्यांची गणती इथं होणार का त्यांच्या गावाला? आणि बऱ्याच जणांची मतं अजून गावाकडंच आहेत.

निवृत्त_विस्तार_अधिकारी
गणती जिथं राहतात तिथंच, भाडेकरू असो वा मालक. गावाकडं आई-वडिलांनी पोराचं नाव सांगितलं आणि इथं दार बंद होतं, असं व्हायला नको, एवढं सोसायटीत बजावून सांगा. प्रगणक येतील तेव्हा गेटवर अडवू नका, प्रत्येक विंगमधला एकजण बरोबर द्या.

मताचं मात्र वेगळं. ग्रामसभेचा सदस्य फक्त गावच्या मतदार यादीतला माणूस, बाकीच्यांनी कितीही बोललं तरी ठरावात धरत नाहीत. मतदार यादीतला पत्ता बदलायला निवडणूक आयोगाचा फॉर्म 8 भरायचा, ऑनलाईन होतो. कोरम 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते. तुमच्या तीन सोसायट्यांतून शंभर नावं यादीत आली तर पाण्याचा ठराव तुम्ही स्वतः मांडू शकता. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, पुढचीची नोटीस लागली की इथं टाका, ठरावाचा मसुदा मी लिहून देतो.