यिडिश लेखकांनी पाहिलेली सोव्हिएत शहरे

प्रश्न: १९२०च्या दशकातील सोव्हिएत शहरांविषयीची यिडिश (पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा) प्रवासवर्णने इतिहासाचे साधन म्हणून कितपत विश्वासार्ह मानावीत?

उत्तर १: पोलंडमधील यिडिश लेखक इस्रायल जोशुआ सिंगर यांच्यापासून सुरुवात करावी. न्यूयॉर्कच्या 'फोरव्हर्ट्स' या यिडिश दैनिकासाठी ते १९२६ मध्ये सोव्हिएत संघात गेले. क्रांतीनंतरचा काही काळ त्यांनी कीव्ह आणि मॉस्कोत काढलेला असल्यामुळे त्यांची नजर नवख्या पाहुण्याची नाही, हे मला मोलाचे वाटते.

उत्तर २: सहमत, मात्र वृत्तपत्राच्या वाचकांच्या राजकीय अपेक्षांचा दाब गृहीत धरावाच लागतो. सोव्हिएत बेलारूसची राजधानी मिन्स्कच्या रेल्वेस्थानकावर शहराचे नाव बेलारूसी, रशियन, पोलिश आणि यिडिश अशा चार भाषांत झळकत असे. पोलंडहून आलेला यिडिश लेखक तिथे भारावला नसता तरच नवल!

उत्तर ३: यिडिशला असा अधिकृत दर्जा देणाऱ्या त्याच राजवटीने खासगी व्यापाऱ्यांचा, म्हणजे कित्येक ज्यू दुकानदारांचा, मताधिकार काढून घेतला होता. लेखक पाटीपाशीच थांबतो की दुकानात शिरतो, हे आधी तपासावे.