धारप संपले, आता काय वाचू?

रातकिडा: नारायण धारपांच्या 'समर्थ' भयकथा परत परत वाचून झाल्यात, आता अशी भयकथा हवीय की वाचताना टरकायला होईल पण नंतर दोन दिवस डोक्यात विचारही चालू राहतील. सुचवा ना प्लीज.

पिंपळपान: रत्नाकर मतकरींचा 'खेकडा' हा कथासंग्रह घे. माणसाच्या मनातलंच काळं बाहेर येतं आणि मला तरी भुतापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते.

जुनीवही: जीएंचं (जी. ए. कुलकर्णी) 'काजळमाया' वाचलंस का?? १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला, त्यांनी परत केला. भयकथा नाहीत त्या, पण नियती, मरण यावर असं लिहिलंय की झोप उडते. त्यातली 'विदूषक' ही कथा मात्र घाईत वाचू नकोस.

रातकिडा: थँक्स, लायब्ररीत उद्याच बघतो!