आक्रा येथे मुलांसाठी खासगी प्राथमिक शाळा निवडताना काय पाहावे?

दोन मुलांची आई (प्रश्न):
नमस्कार. माझ्या पतींची बदली घानामध्ये टेमा बंदराजवळच्या कारखान्यात झाली असून येत्या ऑगस्टमध्ये आम्ही तेथे जात आहोत. मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा नऊ वर्षांचा आहे. दोघांनी एकाच शाळेत जावे, अशी इच्छा आहे. पतींच्या एका सहकाऱ्यांनी घानाची राजधानी असलेल्या आक्राच्या झोर्वुलू भागातील मुलामुलींची एक खासगी प्राथमिक शाळा सुचवली आहे. मोठ्या आंतरराष्ट्रीय शाळांची फी डॉलरमध्ये असते आणि ती आमच्या आवाक्याबाहेर आहे. या शाळेची फी सेडीमध्ये, म्हणजे घानाच्या चलनात, दर सत्राला भरायची आहे. मात्र तेथे घानाचाच अभ्यासक्रम शिकवतात. तीन-चार वर्षांनी परतताना मुलांचे नुकसान होईल का, भाषेची अडचण येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आणखी एक काळजी आहे. तेथील बऱ्याच शाळांत मुलींना केस अगदी बारीक ठेवावे लागतात, असे ऐकले. मुलीचे केस कमरेपर्यंत आहेत आणि ‘माझी वेणी कापणार का?’ असे तिने मला दोनदा विचारले आहे.

आक्रातील शिक्षिका:
ताई, मी सात वर्षांपासून आक्रा येथील एका खासगी प्राथमिक शाळेत शिकवते. अभ्यासक्रमाची भीती बाळगू नका. दोन वर्षे बालवर्ग, सहा वर्षे प्राथमिक आणि तीन वर्षे कनिष्ठ माध्यमिक, अशी येथील मूलभूत शिक्षणाची रचना आहे. बालवर्ग ते सहावीसाठी २०१९ मध्ये नवा अभ्यासक्रम आला, त्यात इंग्रजी, गणित, विज्ञान यांच्या जोडीला इतिहास, कला आणि ‘आपले जग, आपली माणसे’ हा परिसर अभ्यासासारखा विषय आहे. वर्गात तो मनापासून शिकवला गेला, तर मुले कोठेही मागे पडत नाहीत.

खरा प्रश्न परीक्षेच्या ताणाचा आहे, आणि तो समजण्यासाठी येथील पालक खासगी शाळेत फी का भरतात, हे पाहावे लागेल. सरकारी प्राथमिक शाळांत शिकवणी शुल्क नाही, आणि २०१७ पासून सरकारी उच्च माध्यमिक शिक्षणही मोफत झाले आहे. परंतु नामांकित उच्च माध्यमिक शाळेत जागा मिळणे हे नववीअखेरच्या ‘बीईसीई’ परीक्षेतील गुणांवर ठरते. ही परीक्षा पश्चिम आफ्रिका परीक्षा मंडळ घेते, आणि २००५ पासून विद्यार्थ्यांची शाळावार विभागणी संगणकाद्वारे होते. म्हणजे पुढच्या मोफत जागेसाठीच पालक आधीची वर्षे पदरचे पैसे खर्च करतात. त्यामुळे अनेक खासगी शाळांत चौथीपासूनच शाळा सुटल्यावर जादा तास सुरू होतात आणि त्यांची फी वेगळी असते. तुमचा मुलगा नेमका चौथीत बसेल. शाळेचे छापील वेळापत्रक तीन वाजता संपत असले, तरी चौथीचा वर्ग प्रत्यक्षात किती वाजता रिकामा होतो, हे अवश्य विचारा.

सहशिक्षणाबद्दल सांगायचे तर प्राथमिक स्तरावर जवळपास सर्व शाळा मुलामुलींच्या एकत्रच असतात. वेगळ्या शाळा प्रामुख्याने माध्यमिक स्तरावर आढळतात. तरीही शाळा पाहायला जाल तेव्हा सकाळी आवार कोण झाडते आणि घंटा कोण वाजवते, याकडे लक्ष द्या. आमच्याकडे पूर्वी झाडू मुलींच्या हाती आणि घंटा मुलांच्या हाती असे. पाळी लावून ते बदलायला आम्हाला एक पूर्ण सत्र लागले.

टेमाकर बाबा:
शिक्षिकाबाईंशी मी सहमत आहे. आम्ही येथे पाच वर्षे आहोत. धोरणानुसार तिसरीपर्यंत घानाच्या एखाद्या भाषेतून शिकवणे अपेक्षित असले, तरी खासगी शाळांत पहिल्या दिवसापासून इंग्रजीच चालते. मैदानावर मात्र ट्वी ऐकू येते. आक्रा मूळचे गा लोकांचे, पण शहरभर ट्वीच अधिक बोलली जाते. आमची मुलगी पहिल्या आठवड्यात गप्प बसून राहायची. एके दिवशी बाईंनी तिला जन्मवार विचारला, ती शनिवार म्हणाली, आणि त्या क्षणापासून ती वर्गात ‘आमा’ झाली. शनिवारी जन्मलेल्या मुलीचे ते येथील नाव. दुपारी घरी आल्यावर तिने आम्हा सर्वांचे जन्मवार विचारून घेतले.

केसांबाबत लेखी उत्तर घ्या, हे मी आग्रहाने सांगतो. आमच्या पहिल्या शाळेने वेणी चालेल असे तोंडी सांगितले होते. दुसऱ्या आठवड्यात केस कापून आणण्याची सूचना आली आणि शाळा बदलल्यावर प्रवेश शुल्कही परत मिळाले नाही. आताच्या शाळेत दोन वेण्या चालतात. हा प्रश्न घानातही गांभीर्याने चर्चिला गेला आहे: २०२१ मध्ये अचिमोटा या प्रसिद्ध शाळेने जटांमुळे दोन रास्ताफारी (धर्मश्रद्धेने जटा राखणाऱ्या पंथाच्या) विद्यार्थ्यांना प्रवेश नाकारला, तेव्हा उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. छडीचीही स्पष्ट विचारणा करा. सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या घाना एज्युकेशन सर्व्हिसने ती बंद केलेली आहे, तरी काही शिक्षकांच्या टेबलावर ती अजून दिसते.

आणि घर कोठे घेणार? टेमात राहून झोर्वुलूची शाळा घेतली, तर टेमा-आक्रा मोटरवेचे सुमारे १९ किलोमीटर आणि टेट्टे क्वार्शी चौकातील कोंडी रोज दोनदा येईल. सहा वर्षांच्या मुलीला पहाटे पाचपूर्वी उठवावे लागेल.

दोन मुलांची आई:
आपले दोघांचेही मनापासून आभार. रस्त्याचा विचार आम्ही केलाच नव्हता. आता घर आक्राच्या बाजूला शोधत आहोत. शाळेला मान्यता आहे की नाही, हे कसे पडताळावे?

आक्रातील शिक्षिका:
२०२० च्या कायद्यानुसार खासगी शाळांना परवाना देणे आणि त्यांची तपासणी करणे हे राष्ट्रीय शाळा तपासणी प्राधिकरणाचे काम आहे. तो परवाना दाखवा, असे मुख्याध्यापिकांना सरळ सांगा. त्यात त्यांना अवमान वाटत नाही.

दोन मुलांची आई:
शाळेला ईमेल पाठवला होता. परवान्याची प्रत आली, आणि दोन वेण्या गणवेशाच्या रंगाच्या फितीने बांधाव्यात, असे लेखी कळवले आहे. मुलगी आजपासूनच फिती बांधून बसली आहे. चौथीच्या वर्गाबद्दल मात्र ‘प्रत्यक्ष भेटीत बोलू’ एवढेच उत्तर मिळाले, म्हणून पहिली भेट शाळा सुटण्याच्या वेळेलाच घ्यायची असे आम्ही ठरवले आहे.