अपक्ष उमेदवार, मोजके कार्यकर्ते: पत्रकवाटपाचे नकाशे कसे करावेत?

डहाणूकरवाली
नमस्कार. कोथरूडमध्ये आम्ही एका अपक्ष ताईंचा महापालिकेचा प्रचार करतोय. पक्षाची यंत्रणा नाही; कॉलेजची मुलं आणि काही निवृत्त काका-काकू आहेत. प्रभाग चार सदस्यांचा, त्यामुळे पसारा मोठा. खाली लिफ्टवाल्या सोसायट्या, वर सुतारदरा, किष्किंधानगरची चढण. मतदार यादीच्या भाग क्रमांकांप्रमाणे गल्ल्या वाटून द्या, असं सगळे सांगतात. तसंच करू का?

पायी फिरणारा
नका करू. यादीचे भाग मतदान केंद्रांच्या सोयीने पाडलेले असतात. शिवाय महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीतूनच प्रभागवार फोडतात, त्यामुळे हद्दीवर एकाच भागातली काही घरं तुमच्याकडे, काही शेजारच्या प्रभागात. भाग क्रमांक हिशेबापुरता ठेवा, नकाशा पायांना विचारून काढा.

आधी प्रभागरचनेची अंतिम अधिसूचना घ्या. तिच्यात हद्द शब्दांत असते: अमुक रस्त्याने पूर्वेस नाल्यापर्यंत, तेथून नाल्याने दक्षिणेस, अशी. ती वाचत हद्द एकदा चालून या. मग ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या मोफत नकाशावरून तुकडे छापा. दोघांना एका संध्याकाळी जमेल तेवढाच भाग एका कागदावर. गल्लीच्या दोन्ही बाजू एकाच जोडीकडे हव्यात. कागदाची कड नाल्यावर किंवा दुभाजकाच्या रस्त्यावर येऊ द्या.

वस्तीत मात्र छापील नकाशा पुरत नाही, कितीतरी बोळ त्यात नसतातच. तिथल्याच कुणाला तरी बसवून अंगणवाडी, सार्वजनिक नळ, देऊळ, मंडळाचा फलक या खुणा हाताने काढून घ्या. आणि वाटप वरून खाली करा. खालून सुरुवात केली की माणसं दमतात आणि टेकडीलगतची घरं राहतात. पाण्याचे हाल सगळ्यात जास्त त्याच घरांचे, आणि प्रचारातही त्यांच्याच दारात कुणी पोचत नाही. हे माझ्या मनाला फार लागतं.

सोसायटीतले काका
सोसायट्यांसाठी गेट कुठल्या गल्लीत आहे ते नकाशावर लिहा. पत्ता मुख्य रस्त्याचा आणि गेट मागे, असं खूप ठिकाणी आहे. टपालपेट्या तळमजल्यावर आहेत की दारोदार जायचं, सेक्रेटरींशी बोलणं झालंय का, तेही. वॉचमनशी हुज्जत घालू नका, त्याच्या नोकरीचा प्रश्न असतो. रविवारी सकाळी माणसं घरी भेटतात.

डहाणूकरवाली
खूप उपयोग झाला. बंद घरांची नोंद कशी ठेवायची? आणि कोण अनुकूल वाटलं, तेही लिहावं का?

पायी फिरणारा
बंद घरावर फुली, पुढच्या फेरीत फक्त फुल्या. गटार, दिवा, पाणी अशी तक्रार कुणी सांगितली तर त्या जागी एक शब्द लिहा. ताईंना बोलायला तेच कामाचं. कोण कुणाला मत देणार हे अजिबात लिहू नका. कागद रिक्षात राहतो, टपरीवर विसरतो, आणि ते घर उगाच अडचणीत येतं.

डहाणूकरवाली
पटलं. अधिसूचना छापून घेतली आहे, शनिवारी हद्द चालायला निघतोय. वरच्या वस्तीचा नकाशा तिथेच राहणारी आमची एक कार्यकर्ती काढतेय.